अंबूताई टेलिफोनवर बसली नाही

म्हैसूरच्या शिवरामपेटेत तिरुमलराव पिशांचं शिलाईचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाशी कन्नड, घरच्यांशी मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम चालायचं. त्यांची मुलगी अंबुजा, म्हणजे सगळ्यांची अंबूताई, या दुकानाच्या मागच्या खोलीतच वाढली. शाळेत असतानाच तिची नजर कडेकडेनं मिटत चालली. आधी संध्याकाळचं दिसेना, मग भर दिवसा बाजूचं दिसेना, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी समोरचा फळाही गेला. बेंगळूरच्या डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं तेव्हा आई रडली, अप्पांनी दुसऱ्या डॉक्टरचं नाव विचारलं, आणि अंबूताईनं विचारलं, "मग टायपिंगची परीक्षा द्यायला काय हरकत आहे?"

टायपिंगच्या वर्गात डोळ्यांचं काम नसतंच. उलट कळांकडे बघणाऱ्याच्या बोटांवर मास्तर पट्टी मारायचे. अंबूताईला एकदाही पट्टी बसली नाही. ती परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झाली. पुढे बेंगळूरला एका संस्थेत राहून ती संगणक शिकली. पडद्यावर जे जे असेल ते कानात वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. त्याच्या भरवशावर तिनं टायपिंग तर केलंच, शिवाय थोडंफार प्रोग्रामिंगही शिकून घेतलं. शिकवणारे म्हणाले, "हे तुला कुठे उपयोगी पडणार?" ती म्हणाली, "ते माझं मी बघते."

म्हैसूरला परत आल्यावर सरस्वतीपुरमातल्या एका कंपनीत तिला काम मिळालं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून जे तोंडी सांगतात त्याचं रेकॉर्डिंग इकडे यायचं आणि इथली माणसं ते ऐकून टाइप करायची. अंबूताईच्या उजव्या कानात डॉक्टर बोलायचा, डाव्या कानात स्क्रीन रीडर. दोघांचं एकदम ऐकत तिची बोटं धावायची. तिच्या शेजारच्या खुर्चीवर गुंडेराव बसायचे. तेही अंध, पण जन्मापासूनचे. वयानं पन्नाशीला आलेले, कृष्णराजनगरहून रोज गाडीनं यायचे. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. "आमचे खापरपणजे भर लढाईत घोड्यावरून पडले नाहीत," ते म्हणायचे, "आणि मी रोज स्टेशनच्या पायरीवर अडखळतो." असं म्हणून स्वतःच हसायचे.

सात-आठ वर्षं सगळं नीट चाललं. मग २०१२ साली कंपनीनं बाहेरचा प्रोग्राम सोडून स्वतःचा करून घेतला. तो नागराजनं लिहिला होता. नागराज म्हणजे कंपनीचा एकुलता एक प्रोग्रामर, पस्तिशीचा, कायम थकलेला. प्रोग्राम दिसायला देखणा होता म्हणे. पण त्यात डॉक्टरचं रेकॉर्डिंग उघडायला गेलं की अंबूताईच्या डाव्या कानातला आवाज अर्ध्या शब्दावर तुटायचा आणि मग शांतता. फाइल मोठी, सर्व्हर लांब. प्रोग्राम ती पूर्ण वाचून होईपर्यंत दुसरं काहीच करायचा नाही. वाचन चाललंय, की प्रोग्राम मेलाय, की आपणच भलती कळ दाबली, काही म्हणून कळायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे तो मधून मधून आपोआप मजकूर साठवायचा. तेवढ्या वेळात टाइप केलेली अक्षरं कधी नंतर ढिगानं यायची, कधी येतच नसत. अंबूताई प्रत्येक ओळ पुन्हा ऐकू लागली. गुंडेराव तर दोनदा ऐकू लागले. दोघांचं काम निम्म्यावर आलं.

एक दिवस मालकांनी दोघांना बोलावलं. श्रीनिवासराव वाईट माणूस नव्हते. बोलणं मऊ, आवाज कधी चढायचा नाही. त्यामुळे त्यांना नाही म्हणणं जास्त जड जायचं.

"नोडी अम्मा, बघा," ते कन्नडात म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही. पण वेग फार पडलाय. मी तुम्हा दोघांना टेलिफोनवर घेतो. पगार तोच, मान तोच."

गुंडेराव मान खाली घालून उभे होते, ते त्यांच्या श्वासावरून अंबूताईला कळलं.

"सर, माझा वेग पडलेला नाही," ती म्हणाली. "तुमचा प्रोग्राम मुका होतो."

"बाकी कोणाची तक्रार नाही."

"बाकीच्यांना डोळे आहेत. पडदा गोठलेला दिसला की ते उठून कॉफी प्यायला जातात. वेळ त्यांचाही जातो सर, पण त्यांना कॉफी मिळते आणि मला टेलिफोन?"

"तेच तर म्हणतो. टेलिफोनला पडदाच नाही. तुम्हाला सोपं."

"मला सोपं नको आहे. टेलिफोन बेडा, सर."

गावात शिकलेला आंधळा माणूस दिसला की त्याला टेलिफोनवर बसवायचं, ही रीत जुनी होती. बँकेत तेच, इस्पितळात तेच. फोन घेणं हे काही हलकं काम नव्हतं. पण अंबूताईला अठराव्या वर्षापासून ज्यानं त्यानं हेच एक काम सुचवलं होतं, जणू डोळ्यांबरोबर बाकीच्या सगळ्या आवडीनिवडीही गेल्या. शेवटी श्रीनिवासराव म्हणाले, "ठीक. दसऱ्यापर्यंत बघतो. वेग आला तर खुर्ची तुमची."

बाहेर आल्यावर गुंडेराव हळूच म्हणाले, "ताई, हो म्हणून टाकायचं होतं."

"तुम्ही म्हणा. मी नाही."

ती तडक नागराजकडे गेली. "फाइल वाचताना प्रोग्राम का थांबतो?"

"फाइल मोठी आहे मॅडम. वाचायला वेळ लागणारच."

"वाचायला लागू दे की वेळ. पण तेवढ्यात मला 'वाचतोय' असं सांगायला काय होतं त्याला?"

नागराज हसला. "तो वाचण्यातच गुंतलेला असतो. चालणारा प्रोग्राम आहे मॅडम. त्याला हात लावला की दुसरीकडून तुटतो."

त्या रविवारी अंबूताई मागच्या खोलीत आपला जुना संगणक लावून बसली. पुढे अप्पांचं शिलाई मशीन खडखडत होतं. इंटरनेटवरची माहिती ती स्क्रीन रीडरकडून ऐकत गेली. तो प्रत्येक कंस, प्रत्येक अर्धविराम नाव घेऊन वाचायचा, त्यामुळे एकेक ओळ कळायला जीव जायचा. पण दोन रविवारांत दुखणं सापडलं. प्रोग्राममध्ये एक मुख्य धागा असतो. पडदा तोच रंगवतो, कळा तोच ऐकतो, स्क्रीन रीडरला उत्तरंही तोच देतो. नागराजनं फाइल वाचण्याचं कामही त्याच्याच गळ्यात बांधलं होतं. दुसरी एक रीत होती, असिंक्रोनस म्हणतात ती. फाइल वाचायला सांगायचं, पण तिच्यापाशी उभं राहायचं नाही. आपलं काम चालू ठेवायचं, आणि वाचून झालं की पुढची ओळ तिथूनच उचलायची. नागराजनं वापरलेल्या भाषेत त्याच वर्षी याची सोपी सोय आली होती.

"अप्पा," जेवताना तिनं विचारलं, "काजं करायला शर्ट पाठवता, तेव्हा तुम्ही काजवाल्याच्या दारात उभे राहता?"

"अगे, उभं राहून कसं चालेल? शर्ट देऊन यायचं आणि दुसरा कापायला घ्यायचा. काजं झाली की तो हाक मारतो."

"आमच्या ऑफिसातला दारात उभा राहतो. दुकान बंद ठेवून."

"अय्यो! मग गिऱ्हाइकाला काय सांगतो?"

"काहीच सांगत नाही. तीच तर तक्रार आहे."

तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक भली मोठी फाइल त्याला उघडायला दिली आणि कळ दाबली. कानातला आवाज तुटला नाही. "उघडत आहे," तो म्हणाला. तिनं दुसरी कळ दाबली, त्यानं तीही ऐकली. मग म्हणाला, "उघडली." अंबूताईनं टेबलावर अशी थाप मारली की पुढचं मशीन थांबलं आणि अप्पा धावत आत आले.

सोमवारी तिनं नागराजला हेडफोन लावून ते ऐकवलं. त्याला ते समजलं, पण पटलं नाही. "छोट्यात चालतं मॅडम. मोठ्यात शंभर भानगडी असतात." ती रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहू लागली. शेवटी कंटाळून त्यानं प्रोग्रामची एक प्रत तिला दिली. "घरी करून बघा. इथल्या मशीनवर घालू नका."

फाइल उघडण्याचं काम तिनं आठवड्याभरात बदललं. साठवण्याचं जरा अडलं. मधूनच तक्रार यायची की ही फाइल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे. ती तक्रार कशामुळे येते ते शोधायला हवं होतं. पण दसरा जवळ येत होता आणि अंबूताईला धीर नव्हता. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तरी चालेल, अशी मुभा तिनं फाइलीला देऊन टाकली. तक्रार बंद झाली. मग नागराजनं नको सांगितलं असतानाही तिनं तो प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर घातला, आणि विचारून गुंडेरावांच्याही.

तो आठवडा काय वर्णावा! गुंडेराव टाइप करता करता हसायचे. "बोलतोय ताई, हा बोलतोय!" दोघांचा वेग पूर्वीपेक्षाही वर गेला. श्रीनिवासराव येऊन दोघांच्या पाठीमागे उभे राहिले, "बरं आहे" म्हणाले आणि गेले. अंबूताईच्या मनात आलं, जिंकले.

आणि मग गुंडेरावांचा एक रिपोर्ट तपासणाऱ्या बाईंनी उचलून थेट मालकांच्या टेबलावर नेला. वर नीट मजकूर होता. पण खाली आधीच खोडून टाकलेल्या परिच्छेदाचं शेपूट चिकटलं होतं, आणि त्या शेपटात डॉक्टरनं बंद केलेलं एक औषध पुन्हा चालू झालेलं होतं. रिपोर्ट बाहेर गेला नव्हता, एवढंच नशीब.

अंबूताईला ऐकता क्षणी कळलं. एक साठवणं संपायच्या आत दुसरं सुरू झालं होतं. जुना मजकूर लांब, नवा आखूड. दोघंही एकाच फाइलीत लिहीत होते, आणि लिहायची परवानगी तिनंच दिली होती. जी तक्रार तिनं गप्प केली, ती हेच सांगत होती.

श्रीनिवासरावांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. "रोग्याच्या जिवाशी खेळ चालवलाय? कोणी सांगितलं होतं याला हात लावायला? उद्यापासून दोघंही टेलिफोनवर. साकु, पुरे झालं!"

"चूक माझी आहे," अंबूताई म्हणाली. "गुंडेरावांची नाही, नागराजांचीही नाही. त्यांनी नको सांगितलं होतं. मला काय बोलायचं ते बोला. पण सर, ही प्रोग्राम लिहिण्यातली चूक आहे. आंधळ्या माणसाला टाइप करता येत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मी टेलिफोनवर बसणार नाही."

"मग घरी बसा."

"तसं लिहून द्या."

श्रीनिवासरावांनी लिहून दिलं नाही. फक्त तिचा पासवर्ड बंद करायला सांगितला.

घरी गेल्यावर तिनं अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी कापता कापता कात्री थांबवली. "एका कापडाला दोघांनी दोन बाजूंनी कात्री लावली तर काय होणार, अंबू? हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. घाई केली."

"मग माफी माग."

"मागितली. पण काम सोडणार नाही."

"सोड म्हटलं कोणी?" अप्पा म्हणाले, आणि कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी गुंडेराव टेलिफोनपाशी जाऊन बसले. अंबूताई आपल्या खुर्चीवर येऊन बसली. मशीन आत घेईना. तिनं हेडफोन लावले आणि दिवसभर तशीच बसून राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आजूबाजूच्या मुली कुजबुजत, कोणी कॉफी आणून ठेवी. "अय्यो पाप" असं कोणी कीव करून म्हटलं की ती तिकडे मान वळवून म्हणे, "पाप नाही. मी प्रोग्राम लिहितेय." आणि ती खरंच लिहीत होती, मनात. साठवण्याच्या कामाला रांग हवी. एका वेळी एकच जण लिहील. तो लिहीत असताना नवा मजकूर आला तर तो बाजूला धरायचा, त्याहून नवा आला तर जुना टाकून द्यायचा, आणि पहिल्याचं संपलं की सगळ्यात ताजा तेवढा लिहायचा. शिवाय चांगल्या फाइलीवर थेट लिहायचंच नाही. शेजारी दुसऱ्या फाइलीत पूर्ण लिहायचं, आणि पूर्ण झाल्यावरच तिला पहिलीच्या जागी बसवायचं.

काही दिवसांनी एका दुपारी शेजारची, गुंडेरावांची रिकामी खुर्ची कोणीतरी ओढली. नागराज होता.

"मला मेमो मिळाला," तो म्हणाला.

"मला माफ करा. ते माझ्यामुळे झालं."

"हो, तुमच्यामुळेच." त्यानं खुर्ची जवळ घेतली. "मला एक सांगा, ती ताब्यात असल्याची तक्रार तुम्ही कशी बंद केलीत?"

तिनं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग तिनं रांगेचं सांगितलं. तो म्हणाला, "आणि कोणी साठवणं चालू असतानाच प्रोग्राम बंद केला तर?" हे तिला सुचलं नव्हतं. "शेवटचं लिहून होईपर्यंत बंद व्हायचं नाही," ती म्हणाली. "पण ते तोंडानं सांगायचं. गप्प उभं राहायचं नाही." तो हसला आणि त्यानं स्वतःच्या पासवर्डनं तिचं मशीन उघडून दिलं.

पुढे दोघं ते मिळून करत राहिले. भांडणं भरपूर झाली. नागराजला पडद्यावर फिरणारं चक्र हवं होतं. अंबूताई म्हणायची, चक्र फिरवा हवं तेवढं, पण आधी शब्द. उघडायला लावलेली चुकीची फाइल मध्येच सोडून देता आली पाहिजे, हा हट्ट तिचा. प्रत्येक ठिकाणी काम फसलं तर काय, हा प्रश्न त्याचा. त्या प्रश्नाला ती आता कंटाळत नव्हती.

दसऱ्याच्या आधी नागराजनं श्रीनिवासरावांना बोलावलं. ते आले ते उभेच राहिले. "पुन्हा तसं झालं तर?"

"तुम्हीच करून बघा सर," अंबूताई म्हणाली. "मी टाइप करते, तुम्ही हवं तेव्हा वायर काढा."

त्यांना वाटलं ती रागानं बोलतेय. पण तिची बोटं चालू झाली तसे ते खरंच वाकले आणि साठवणं चालू असताना सर्व्हरची वायर उपटली. नागराजनं आवाज स्पीकरवर ठेवला होता. "साठवता आलं नाही," स्क्रीन रीडर म्हणाला. "मजकूर सुरक्षित आहे. पुन्हा प्रयत्न करत आहे." अंबूताई टाइप करतच होती. वायर परत लावल्यावर आवाज आला, "साठवलं." फाइल उघडून पाहिली तर अक्षर न् अक्षर जागेवर. श्रीनिवासरावांनी आणखी दोनदा वायर काढली. मग तर मशीनच बंद केलं. शेवटचा थोडा मजकूर गेला, पण आधीची फाइल साबूत होती. कुठेही शेपूट नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "तुमच्या दोन मशीनवर घाला. अंधांसाठीचा प्रोग्राम म्हणून."

"नाही सर."

नागराजनं तिच्या खुर्चीला पाय लावला, गप्प बसा म्हणून.

"अंधांसाठीचा वेगळा नको," ती म्हणाली. "वेगळा ठेवला की उद्या त्याच्याकडे कोणी बघणार नाही, आणि परवा आम्ही पुन्हा टेलिफोनवर. हा सगळ्यांच्या मशीनवर गेला पाहिजे. थांबण्यात वेळ सगळ्यांचाच जातो."

श्रीनिवासराव नागराजकडे वळले. नागराज म्हणाला, "दोन प्रोग्राम सांभाळायला मला जमणार नाही सर. एक तर हा, नाही तर जुना." "आयतु, होऊ दे," मालक म्हणाले. आठवड्याभरात तो सगळीकडे गेला. कॉफीच्या खोलीतली गर्दी कमी झाली, त्याबद्दल दोघातिघांनी अंबूताईकडे कुरकुरही केली.

गुंडेराव मात्र परत आले नाहीत. ती त्यांना बोलवायला गेली तर ते म्हणाले, "ताई, मला इथे बरं वाटतं. दिवसभर माणसं बोलतात. त्या यंत्राच्या आवाजापेक्षा हा बरा."

"पण मी हे तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी नाही ताई, तुमच्यासाठी. आणि ते चांगलंच केलंत. पण मला काय आवडतं ते मलाच ठरवू द्या की."

तिला राग आला, घरी जाईपर्यंत टिकला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तिनं मालकांना सुनावलं ते याहून फारसं वेगळं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती त्यांना नुसता नमस्कार करायला गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला ऑफिसात सगळ्या संगणकांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा आल्या, कोहळा फुटला. श्रीनिवासरावांनी माईक हातात घेतला. "आपल्या अंबुजाअम्मा, दृष्टी नसूनही..." एवढं म्हणून त्यांनी शाल उलगडली.

अंबूताई पुढे गेली, पण शाल तिनं हातानंच थोपवली. "सर, दृष्टी नसूनही म्हणून शाल नको. केलेल्या चुकीसकट काम बघा. आणि द्यायचंच असेल तर नागराजांच्या शेजारी टेबल द्या. टायपिस्ट म्हणून नाही, प्रोग्रामर म्हणून."

लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते ते तसेच राहिले. श्रीनिवासरावांच्या हातात शाल लोंबत होती. मग ते म्हणाले, "सुट्टीनंतर बोलू," आणि सुट्टीनंतर खरंच बोलले. कागदावर प्रोग्रामर लिहायला त्यांना जड गेलं, पण टेबल मिळालं. प्रोग्रामर हा शब्द तिनं पुढच्या वर्षी भांडून मिळवला.

नव्या टेबलावर बसल्यावर पहिल्याच सकाळी ती नागराजला म्हणाली, "छापायला दिलं की अजून थांबतो तो."

"मॅडम, आज पहिला दिवस आहे. जरा बसा तरी."

"बसलेच आहे," अंबूताई म्हणाली आणि हेडफोन कानाला लावले.